मदत हवी आहे: फुलपाखराचा कोष खाली पडलाय, परत लटकवायचा कसा?

शहापूरची सून
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला राहते. गच्चीत कढीपत्त्याची मोठी कुंडी आहे. फोडणीला पानं तोडायला गेले, तर एका पानावर चिमणीची शीट पडलेली. झटकायला बोट लावलं आणि शीट वळवळली! मी किंचाळले, आमचे चिरंजीव (इयत्ता तिसरी) डबा घेऊन हजर. शोधल्यावर तसलीच आणखी एक सापडली. शेजारच्या अज्जी म्हणाल्या, "पातरगित्ती आगतद, इडु." म्हणजे फुलपाखरू होतंय, ठेव. सासूबाई म्हणाल्या, ठेव, पण माझ्या स्वयंपाकघरात नको.

तर कुंद्याच्या रिकाम्या डब्यात दोन अळ्या पाळल्या. कात टाकून दोन्ही हिरव्यागार झाल्या. हात लावला की डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर काढायच्या आणि असा उग्र वास की विचारू नका. खाणं तर रात्रंदिवस.

शनिवारी एकीला पातळ हगवण लागली आणि ती डब्यात सैरावैरा फिरायला लागली. कुंडीतली पानं संपत आली म्हणून मी बाजारची जुडी घातली होती, म्हटलं औषध मारलेलं असणार, मेली आता. सकाळी बघते तर झाकणाला चिकटून, पोटाशी दोरा बांधून आक्रसून बसलेली. नारळाच्या झाडावर चढणारा कमरेला दोर घेतो ना, अगदी तस्सं. रविवारी रात्री तिचा हिरवा कोष झाला. दुसरीनं त्याच रात्री काडीवर कोष केला, तो मात्र तपकिरी.

काल चिरंजीवांनी मित्राला दाखवायला झाकण उघडलं, दोरा तुटला आणि हिरवा कोष टप्पकन खाली. धक्का लागला की अजून हलतो, म्हणजे जिवंत आहे. पण आता काय करू? तपकिरी कोष आजारी आहे का? आणि शुक्रवारी चार दिवस निपाणीला माहेरी जायचंय. आम्ही नसताना फुलपाखरू बाहेर आलं तर? पोरगं रडून रडून दमलंय.

जांबोटीकर
ताई, आधी त्याला सांगा की कोष मेलेला नाही. हलतोय ना, मग झालं.

हगवण नव्हती ती. कोषात जायच्या आधी अळी पोट रिकामं करते, तेव्हा पातळच होतं, आणि मग जागा शोधत भटकते. रंगाचंही काही नाही. हिरव्या पानांत, गुळगुळीत जागी बसली की बहुतेक हिरवा, खरबरीत काडीवर बसली की तपकिरी. शत्रूला दिसू नये म्हणून.

कोष परत टांगलाच पाहिजे असं नाही. चपटा डबा बदला. भाजीची प्लास्टिकची जाळीदार टोपली घ्या, तळाला टिश्यू पेपर, त्यावर कोष एका कडेला, जाळीला अगदी लागून ठेवा. फुलपाखरू बाहेर आलं की त्याला लगेच काहीतरी धरून वर चढावं लागतं. पंख तेव्हा ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले असतात. लटकून त्यात रक्त उतरवलं की दहा-वीस मिनिटांत पसरतात, नाहीतर तसेच वाळून जन्माचं अपंगत्व. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याचे पाय घसरतात, खरा धोका तो आहे.

वडगावचा बाळू
ग्लू गननं थेंबभर डिंक लावून झाकणाला चिकटवा की. हाय काय नि नाय काय.

जांबोटीकर
बाळू, गरम डिंकानं आत शिजेल ते! चिकटवायचंच तर शेपटाच्या टोकाला रेशमाचा गुंता राहिला असेल, त्याला शिवणाचा दोरा बांधून टांगता येतं. पण तिसरीतल्या पोराच्या देखत हे प्रयोग नकोत.

निपाणीची माई
म्हणजे आमच्या गावची लेक की तू! तुझा हिशोब मांडते. रविवारी रात्री कोष, साधारण आठ ते बारा दिवस लागतात, म्हणजे तू मंगळवारी परत येशील तेव्हा नववा दिवस. जमून जाईल. धाकधूक वाटत असेल तर टोपली बसमधून घेऊन ये, मांडीवर धर. आतलं फुलपाखरू तयार झालं की कोष काळपट होतो आणि पंखांची नक्षी बाहेरून दिसते. बहुतेक सकाळीच येतात. लालसर पाणी टाकेल, ते रक्त नव्हे, घाबरू नको.

सीमेवरचा
महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन, 2015 साली ठरलं. कर्नाटकाचं सदर्न बर्डविंग. खानापूरच्या रानात दोन्ही उडतात. आता बोला, कोण कुठल्या बाजूचं?

निपाणीची माई
दादा, इथं तरी तो विषय नको. कोषाचं बोला.

हिरवाई
मुळात अळी उचलून आणलीच का? झाडावर तिची ती झाली असती.

जांबोटीकर
झाडावर मुंग्या, कोळी, पक्षी, गांधीलमाश्या, सगळे टपलेले असतात. हजार अळ्या डब्यात भरल्या तर मीही ओरडेन. दोन अळ्यांना एवढा राग कशाला?

ताई, एक राहिलं. टोपलीवर जुनी ओढणी ताणून बांधा. इवल्याशा परजीवी माश्या ताज्या, मऊ कोषाला शोधत येतात आणि त्यात अंडी घालतात. तुमच्या डब्याला भोकं केवढी आहेत?

शहापूरची सून
खिळा तापवून पाडलेली, चांगली मोठी. अरे देवा.

शहापूरची सून (दहा दिवसांनी)
टोपली निपाणीला नेली आणि आणली. कंडक्टरनं विचारलं काय आहे, पोरानं सांगितलं, पुढचे पाच किलोमीटर निम्मी बस आमच्या सीटभोवती.

तपकिरी कोष गेला. काळा पडला म्हणून आम्ही खुशीत, तर एका सकाळी त्याला टाचणीएवढं भोक आणि ओढणीच्या आत बारीक बारीक माश्या. आम्ही पंधरापर्यंत मोजल्या. जांबोटीकरदादा, तुम्ही म्हणालात तेच. पोराला वाईट वाटलं, पण मग म्हणाला, त्यांचं पण बाळंच होती ना ती? मला उत्तर सुचलं नाही.

पडलेला हिरवा मात्र गुरुवारी सकाळी पावणेसातला फुटला! धडपडत जाळीवर चढलं, तासभर लटकलं. शाळेला दांडी. पण हे कसलं निघालं? काळं, मागच्या पंखांना शेपट्या, मधे पांढरे पट्टे आणि कडेला लाल ठिपके. नेटवर बघितलं तर कॉमन रोझ दिसतंय. पण ते कढीपत्त्यावर कुठं असतं?

जांबोटीकर
अंग कुठल्या रंगाचं होतं?

शहापूरची सून
फोटो बघून सांगते… काळं.

जांबोटीकर
मग ती कॉमन मॉरमॉनची मादी. रोझचं अंग लालभडक असतं आणि त्याची अळी ईश्वरीच्या वेलावर वाढते. विषारी वेल, म्हणून पक्षी रोझला तोंड लावत नाहीत. तुमच्या बाईसाहेबांनी नुसतं त्याचं सोंग घेतलंय. नर साधा, काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग. काही माद्या नरासारख्याही असतात. सोडलं का?

शहापूरची सून
साडेनऊला ऊन आल्यावर गच्चीत सोडलं. समोरच्यांच्या जास्वंदीवर बसलं, मग कौलांवरून पलीकडे. आज सकाळी कुंडीत परत तीन शिटा दिसल्या. यावेळी बोट लावलं नाही. सासूबाई म्हणतायत, तुझं पोरगं पाळतंय ते पाळू दे, पण आमटीच्या फोडणीला आता पान विकत आणायचं का?