शस्त्रक्रियेत थांबवलेले हृदय प्राणवायूविना कसे तग धरते?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाहून बाबांना पुढच्या आठवड्यात बायपाससाठी नागपूरला न्यायचे आहे. हृदय तासभर थांबवणार, हे ऐकल्यापासून आई कापसाच्या गंजीपाशी सुन्न बसून असते. इतका वेळ रक्त न मिळालेला स्नायू मरत नाही का?

उत्तर १: ताई, मी हार्ट-लंग मशीन चालवतो. शरीराला रक्त ते यंत्र पुरवते, पण महाधमनीला चिमटा लागताच हृदयाचा स्वतःचा पुरवठा तुटतो. काहीच उपाय केला नाही, तर स्नायूतील एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा देणारे रसायन, संपत जाते, लॅक्टिक आम्ल साचते आणि नेहमीच्या तापमानात साधारण 20 ते 30 मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरू लागतात. म्हणून पोटॅशियमयुक्त थंड द्रावण, म्हणजे कार्डिओप्लेजिया, हृदयाच्या धमन्यांत सोडतात. पोटॅशियमने हृदय थांबवण्याची कल्पना लंडनमध्ये डॉ. मेलरोज यांनी 1955 मध्ये मांडली. द्रावण आत गेले की पडद्यावरची ईसीजीची रेषा सपाट होते, हृदय सैल पडते आणि त्याची प्राणवायूची गरज सुमारे 90 टक्क्यांनी घटते; थंडाव्याने ती आणखी उतरते. ठरावीक वेळाने मात्रा पुन्हा देतो, कारण साचलेले आम्ल धुऊन काढणेही तितकेच गरजेचे असते.

उत्तर २: वरील माहितीत एक भर घालतो. खरी कसोटी चिमटा काढल्यावर लागते, कारण परतलेल्या रक्तासोबत पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरून इजा होऊ शकते. काही वेळा वाचलेला स्नायूही काही तास, क्वचित काही दिवस, मंद आकुंचन पावतो. तो मेलेला नसतो, बधिर झालेला असतो. त्या काळात औषधांचा आधार देतात. आईंना हे अवश्य सांगा.