गोळी वजन वाढवते आणि बोलणी पेशंटला का?

सातारी_बंधू
धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा शुभार्थी, म्हणजे रुग्ण. ओलॅन्झपिनची गोळी सुरू झाली, कानातले आवाज थांबले, माणूस घरात हसायला-बोलायला लागला. आणि वजन सुटलं. दर भेटीत डॉक्टरांचं एकच पालुपद: चालायला न्या, गोड बंद करा. इकडे जेवून तास होत नाही तोच हा फ्रीज उघडून उभा. कालची भाजी, मळलेली कणीक, हाताला लागेल ते. ही भूक त्याची नाही, गोळीची आहे. माझं स्पष्ट मत: या लोकांना आहार-व्यायामाचे धडे देणं म्हणजे आपली जबाबदारी झटकणं. इंग्लंडमध्ये ‘स्टेपवाइज’ नावाची चाचणी झाली, निकाल 2018 मध्ये आला. 414 जण घेतले. निम्म्यांना गटात बसवून चार आठवडे शिकवलं, मग अधूनमधून संपर्क आणि उजळणी. वर्षाअखेर वजनात दोन्ही गटांत फरक नाही! आता बोला.

वॉर्ड_नंबर_सात
एका चाचणीवर निकाल लावू नका. बाल्टिमोरची ‘अचीव्ह’ बघा, 2013 ची, 291 जण. तिथे नुसतं शिकवून सोडलं नाही. लोक ज्या पुनर्वसन केंद्रात एरवीही येत होते, तिथेच गटाने व्यायाम करवून घेतला, एकेकट्याशी बोलणं वेगळं. हे दीड वर्ष चाललं. शेवटी दोन गटांत 3.2 किलोचा फरक, आणि वजन हळूहळू उतरतच गेलं होतं. फसतं ते भाषण.

सातारी_बंधू
दीड वर्षात सव्वातीन किलो! ओलॅन्झपिन तेवढे काही महिन्यांत चढवते. आणि असं केंद्र आमच्या तालुक्यात दाखवा.

शेवंतीची_आई
दादा, राग समजतो, पण पटत नाही. मुलगी क्लोझापिनवर आहे, तेही याच आजाराचं औषध. आम्ही दोघी सकाळी तळ्याला फेरी मारतो. वजन म्हणाल तर जेमतेम हललंय. पण दुपारची झोप कमी झाली, पोट साफ होतं. क्लोझापिनवर बद्धकोष्ठ किती जिवावर बेतू शकतं ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळतं. फुलवाल्या मावशींशी ती स्वतःहून बोलते. सगळं काट्यावरच का तोलायचं?

उलटतपासणी
कारण हृदयविकार आणि मधुमेह फुलवाल्या मावशींना विचारून येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि ती बहुतेक शारीरिक आजारांनी. गोळी बदला की! अरिपिप्रॅझोलने वजन इतकं वाढत नाही.

शेवंतीची_आई
दोन औषधं लागू पडली नाहीत तेव्हा क्लोझापिनवर आलो. ‘बदला की’ म्हणायला काय जातं? पुन्हा आजार उसळला तर रात्र आम्हाला काढायची असते.

केमिस्ट_काका
मधला रस्ता आहे, त्यावर कुणी बोलत नाही. मेटफॉर्मिन, मधुमेहाची गोळी. मधुमेह नसतानाही या कारणासाठी देतात, सरासरी तीनेक किलोचा फरक पडतो. मनाने सुरू करू नका, मूत्रपिंडाची तपासणी लागते. पण डॉक्टरांना विचारा तरी. आणि गोळी सुरू होतानाच वजन, कंबर, उपाशीपोटीची साखर लिहून ठेवा. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही कमरेची मर्यादा. टेप शिंप्याकडची चालते. दहा किलो वाढल्यावर धावपळ करण्यात काय हशील?

वॉर्ड_नंबर_सात
शंभर टक्के. आणि आपल्या केंद्रांतलंही बघा. मी पाहिलेल्या एका डे-केअरमध्ये काम केल्याचं बक्षीस काय, तर वडापाव आणि पाक झालेला चहा. वर व्याख्यान ‘संतुलित आहारा’वर!

उलटतपासणी
मग फ्रीजला कुलूप लावा. सोपं आहे.

सातारी_बंधू
लावलं होतं वडिलांनी. भावाने शेजारी जाऊन पोळी मागितली. चाळीतल्या माणसांसमोर तीस वर्षांच्या माणसाने पोळी मागायची, हा उपचार? कुलूप मी काढलं.

उलटतपासणी
आणि त्याला मधुमेह झाला की?

सातारी_बंधू
म्हणून तर म्हणतोय, गोळी लिहितानाच तिच्या भुकेचाही बंदोबस्त लिहून द्या. मेटफॉर्मिनचं या भेटीत विचारतो. चालायला मी नेईन, त्याला कुणी शिकवायला नको.

शेवंतीची_आई
न्या. पण त्याला ‘वजनासाठी’ म्हणून नेऊ नका हो.