बँको निर्मळ नाही, तो झगडतोय

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात चेटकिणी भाकीत करतात, की सरदार मॅकबेथ राजा होईल आणि त्याचा मित्र बँको याचे वंशज राजे होतील. मग मॅकबेथ राजा डंकनचा खून करून गादी मिळवतो. 'बँको म्हणजे मॅकबेथच्या हावेसमोर उभा केलेला निर्मळ माणूस' असं कुणी म्हटलं, ते मला अर्धंच पटलं. दुसऱ्या अंकाची सुरुवात बघा. मध्यरात्र उलटलीय, डोळ्यांवर झापड आहे, तलवार मुलाच्या, फ्लीन्सच्या हाती दिलीय, तरी त्याला झोपायचं नाही. झोपेत मनात येणारे पापी विचार आवर, असं तो देवाला विनवतो. तेवढ्यात पावलं वाजतात आणि तो तलवार परत मागतो, तीही मित्राच्याच गढीत! म्हणजे मोह त्यालाही आहे. मॅकबेथ शरण जातो, हा झगडतो. पण तिसऱ्या अंकात त्याला मित्राचा पुरता संशय आलेला असतो, तरी तो गप्प बसतो. चेटकिणींचं भाकीत आपल्या वंशाबाबतही खरं ठरेल ही आशा त्याला असते. मला तर ही चुप्पीच जास्त अस्वस्थ करते.

आणखी एक, शेक्सपिअरने होलिन्शेड या इतिहासकाराच्या ज्या बखरीतून कथा घेतली, तिथे बँको डंकनच्या खुनाच्या कटात सामील आहे! नाटकात ते गाळलंय. १६०३मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानायचा, त्यामुळे त्याच्या पूर्वजाला खुनी दाखवणं फार धोक्याचं होतं.