लीज लाइन कोणाची घ्यावी? (चाकण, 40 जणांचं ऑफिस)

चाकणकर: एमआयडीसीत डिझाइन ऑफिस आहे. रोज 10 जीबीच्या कॅड फाइल बाहेर पाठवायच्या असतात. ब्रॉडबँड 200 एमबीपीएसचं आहे, तरी संध्याकाळी अपलोड रखडतं. 50 एमबीपीएसची लीज लाइन (फक्त आपल्यासाठी राखलेली इंटरनेट लाइन) पुरेल का? एअरटेल, टाटा, जिओ, बीएसएनएल, कोण बरं पडेल?

तारवाला: पुरेल. 50 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी. 10 जीबी जायला साधारण 27 मिनिटं. ब्रॉडबँडची क्षमता अनेक ग्राहकांत वाटलेली असते, लीज लाइन 1:1, म्हणजे पूर्ण क्षमता तुमचीच, आणि अपलोड-डाउनलोड सारखंच. बाकीचं सर्फिंग मात्र ब्रॉडबँडवरच राहू द्या.

नावापेक्षा लास्ट माइल (कंपनीच्या नेटवर्कपासून तुमच्या ऑफिसपर्यंतचा शेवटचा टप्पा) बघा. चौघांकडून फीजिबिलिटी (तुमच्या जागी लाइन देता येईल का, कशी, याची पाहणी) मागवा आणि लेखी विचारा: गेटपर्यंतची फायबर स्वतःची की भाड्याची? की गच्चीवर रेडिओ बसवणार? भाड्याची असेल तर बिघाड झाल्यावर दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. बॅकअपला दुसरी लाइन घ्याल तर केबलचा मार्ग वेगळा हवाच. एकाच चरातून आलेल्या दोन्ही केबल जेसीबी एका फटक्यात तोडतो.

पिंगमास्तर: एसएलए (सेवेच्या हमीचा करार) नीट वाचा. लाइन चालू राहण्याची हमी 99.5% म्हणजे 30 दिवसांत 3 तास 36 मिनिटं लाइन बंद राहिली तरी कंपनी करारातच. 99.9% असेल तर 43 मिनिटं. त्यापुढे बिलातून किती वजा होणार आणि दुरुस्ती किती तासांत, हे आकड्यात लिहून घ्या. पॅकेट लॉसची (वाटेत हरवणाऱ्या डेटाची) मर्यादाही. कोटेशनची तुलना करताना 18% जीएसटी, इन्स्टॉलेशन आणि लॉक-इन (लाइन किमान किती काळ ठेवावीच लागेल) धरा. आयपीचा /29 ब्लॉक (8 पत्त्यांचा गट) मागा. 8 पैकी दोन नेटवर्क आणि ब्रॉडकास्टला, एक गेटवेला (कंपनीच्या बाजूच्या राउटरला) गेला की वापरायला 5 उरतात.

चाकणकर: हँडओव्हरला काय तपासू?

तारवाला: राउटर बाजूला ठेवा, लॅपटॉप थेट मीडिया कन्व्हर्टरला (फायबरला नेटवर्क केबलशी जोडणाऱ्या डब्याला) लावा, कंपनीने दिलेला स्टॅटिक आयपी टाका. दोन्ही दिशांचा वेग बघा, मग गेटवेला 1000 पिंग (उत्तर मागणारे छोटे संदेश) पाठवून किती हरवतात ते बघा.

राउटर जोडल्यावरच वेग कोसळला तर डुप्लेक्स बघा: फुल म्हणजे दोन्ही दिशांना एकाच वेळी डेटा, हाफ म्हणजे एका वेळी एकाच दिशेला. त्यांचा पोर्ट 100 फुल फिक्स आणि तुमचा ऑटोवर असला की तुमचा हाफवर जातो; लिंकचा दिवा लागलेलाच असतो, पण लेट कोलिजन (डेटाच्या उशिरा होणाऱ्या टकरी) वाढत राहतात. दोन्हीकडे सेटिंग एकच ठेवा. कन्व्हर्टर यूपीएसवर घ्या, नाहीतर लाइट गेली की लाइनही गेली.

बिलिंग बहुधा स्वीकृतीच्या सहीपासून सुरू होतं, म्हणून सही हे सगळं पाहिल्यावरच.