नोटीस बोर्ड आणि बुल कुमार

सेक्रेटरी : नमस्कार मंडळी. आज कर्नल नरेंद्र 'बुल' कुमार यांचा स्मृतिदिन (३१ डिसेंबर २०२०). बोर्डावर दोन ओळी लावतोय, सकाळच्या फॉरवर्डमधूनच घेतल्यात : 'एव्हरेस्टवीर, सियाचीनचे रक्षक.' बदल असेल तर संध्याकाळपर्यंत सांगा.

बी-५०१ : 🙏🙏 विनम्र अभिवादन

सी-३०३ काकू : बुल हे आडनाव का?

ए-१०२ सुभेदार काका : नाही वहिनी. कॅडेट असताना बॉक्सिंगच्या पहिल्याच मॅचला समोर सीनियर आला, सुनीथ रॉड्रिग्ज. तेच पुढे लष्करप्रमुख झाले. कुमारसाहेब हरले, पण मार खाऊनही अंगावर धावून जाणं थांबेना. म्हणून बुल. फौजेत नाव एकदा चिकटलं की पेन्शन घेतल्यावरही सुटत नाही. माझं काय होतं ते विचारू नका.

बी-२०४ ताई : सेक्रेटरीकाका, 'एव्हरेस्टवीर' काढा ना. ते माथ्यावर पोचलेच नव्हते. १९६० च्या पहिल्या भारतीय मोहिमेत सोनम ग्यात्सो आणि नवांग गोम्बू यांच्याबरोबर साधारण ८,६०० मीटरपर्यंत गेले. माथा दोनेकशे मीटर उरला होता, पण हवा बिघडली आणि तिघे परत फिरले. १९६५ ला आपले नऊ जण वर पोचले, त्या मोहिमेचे ते उपनेते.

बी-५०१ : बोर्डावरचं एवढं कोण बघतंय ताई. भावना महत्त्वाची.

बी-२०४ ताई : बघतात हो, मुलं तर नक्की. आणि खोटं कशाला चिकटवायचं, खरं काय कमी आहे का? तिघे जिवंत खाली आले. गोम्बू तर पुढे एव्हरेस्ट दोनदा चढले. कुमारांनी १९६१ ला नीलकंठ मोहिमेत हिमदंशानं पायाची चार बोटं गमावली. त्यानंतर १९६४ ला नंदादेवी मोहिमेचं नेतृत्व केलं.

सी-३०३ काकू : चार बोटं गेल्यावर?? यांच्या अंगठ्याला ठेच लागली तर आठवडाभर घर डोक्यावर.

बी-२०४ ताई : 😄 खरी मोठी गोष्ट १९७७ ची आहे, कांचनगंगा. नेपाळच्या बाजूनं ब्रिटिशांनी १९५५ लाच केलं होतं. पण सिक्कीमकडची ईशान्य धार जर्मनांनी १९२९ आणि १९३१ असं दोनदा करून पाहिली, जमली नाही. कुमारांच्या टीमनं ती पूर्ण केली. मेजर प्रेमचंद आणि नाईक एन. डी. शेर्पा ३१ मे ला वर गेले, आणि सिक्कीमच्या लोकांसाठी शिखर पवित्र म्हणून अगदी माथ्यावर पाय न ठेवता थोडं खालीच थांबले. मला विचाराल तर एव्हरेस्टपेक्षा हेच आधी लिहावं.

सी-३०३ (नातू, आजीच्या फोनवरून) : सुभेदार आजोबा, तुम्ही सियाचीनला होतात ना? त्यांना भेटलात?

ए-१०२ सुभेदार काका : नाही रे बाळा. पण ग्लेशियरवर कुमार पोस्ट आहे, जवळपास १६,००० फुटांवर. तिथून आमचं जाणंयेणं असायचं, दोरात एकामागे एक, पुढच्याच्या पावलात पाऊल. मला वाटायचं कुमार म्हणजे कुणी शहीद असणार. एकदा उस्ताद म्हणाले, अरे जिवंत आहेत, दिल्लीत राहतात.
आता हे वाच. साहेबांना राफ्टिंगचाही नाद. त्यातूनच एका जर्मन राफ्टरशी ओळख झाली. त्याच्याकडच्या अमेरिकन नकाशात भारत-पाक ताबारेषा एनजे ९८४२ या बिंदूवरून सरळ काराकोरम खिंडीला नेलेली. १९४९ च्या भारत-पाक युद्धबंदी रेषेच्या करारात त्या टोकापुढे 'उत्तरेला हिमनद्यांकडे' एवढंच म्हटलं होतं, रेषा नव्हतीच. म्हणजे नकाशावर अख्खं सियाचीन पलीकडे, पाकिस्तानात गेलेलं. साहेब तेव्हा गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे कमांडंट. नकाशा घेऊन थेट लेफ्टनंट जनरल छिब्बर यांच्याकडे गेले. १९७८ ला मोहीम निघाली, १९८१ ला परत. दुसऱ्या वेळी पार इंदिरा कोलपर्यंत, म्हणजे ग्लेशियरच्या उत्तर टोकाच्या खिंडीपर्यंत. वाटेत परदेशी मोहिमांचा कचरा मिळाला, म्हणजे पलीकडून लोक येऊन जात होते. १३ एप्रिल १९८४ ला सियाचीन ताब्यात घ्यायचं ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हा वर जाणाऱ्यांना त्यांच्या माहितीचा आधार होता.

बी-५०१ : म्हणजे गिर्यारोहण हा नुसता बहाणा?

ए-१०२ सुभेदार काका : बहाणा असता तर तिथलं सिया कांगरी शिखर कशाला चढले असते? नकाशासाठी तेवढं वर जायची गरज नव्हती. माणसाला हौसच होती.

बी-५०१ : मान्य. आपलं म्हणणं मागे.

सेक्रेटरी : बोर्ड छोटा आहे मंडळी! शेवटचं सांगा, काय लिहू?

बी-२०४ ताई : 'कर्नल नरेंद्र कुमार, कुमाऊँ रेजिमेंट. कांचनगंगा १९७७ मोहिमेचे नेते. सियाचीन, १९७८ आणि १९८१.'

ए-१०२ सुभेदार काका : कंसात 'बुल' टाका. नाहीतर फौजी ओळखणार नाही.

सी-३०३ काकू : आणि बोटांचं लिहा हो.