बाबांचं विसरणं: नैराश्य की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश)? अनुभव हवे आहेत

नमस्कार. बाबा ७४ वर्षांचे आहेत. आईला जाऊन ११ महिने झाले. रोज न चुकता हिशेबाची वही लिहिणारा माणूस, चार महिने वहीला हात नाही. पहाटे तीनला जाग, जेवण निम्म्यावर, आणि "माझं डोकं गेलंय, काही लक्षात राहत नाही" हे दिवसातून दहादा.

एका डॉक्टरांनी ३० गुणांची स्मृतिचाचणी घेतली. २१ आले. डिमेन्शियाची सुरुवात म्हणाले. मी शेजारीच होते. बाबा उत्तरं चुकत नव्हते, देतच नव्हते. वार कोणता? "माहीत नाही." तीन शब्द आठवा. "नाही जमणार." आणि घरी येताना मला सांगतात, डॉक्टरांच्या खोलीतला पंखा कुरकुरत होता, तेल घालायला हवं!

मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्या म्हणाल्या, उतारवयातलं नैराश्य डिमेन्शियासारखंच दिसू शकतं. त्यात विसरण्याची तक्रार बहुधा पेशंट स्वतः करतो, डिमेन्शियात ती घरच्यांना आधी जाणवते. बी-१२, थायरॉइड नॉर्मल आले. एसिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध सुरू होऊन ५ आठवडे झाले. झोप सुधारली, विसरणं तसंच.

पण उतारवयात पहिल्यांदाच येणारं नैराश्य कधीकधी डिमेन्शियाचीच पहिली खूण असते, हेही त्यांनीच सांगितलं. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या २८ वर्षांच्या पाहणीबद्दल वाचलं. डिमेन्शिया झालेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं निदानाआधीच्या साधारण दहा वर्षांत वाढत गेलेली दिसली. बाबांना आधी कधीच नैराश्य नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी खरी अडचण रोजच्या वागण्याची आहे. नैराश्य असेल तर थोडं मागे लागून कामाला लावायला हवं. डिमेन्शिया असेल तर तेच मागे लागणं म्हणजे छळ. परवा वही पुढे ठेवली. दोन ओळी लिहिल्या, बेरीज चुकली आणि बाबा रडले. बेरीज चुकली हे त्यांचं त्यांनाच कळलं, यात मी आशा शोधतेय.

कुणाच्या घरी असं झालंय का? मन सावरल्यावर स्मरण परत आलं का, किती महिन्यांनी? चाचणी पुन्हा कधी घेतली? औषधं सुचवू नका, त्याला डॉक्टर आहेत. वही पुन्हा पुढे ठेवू की कपाटात ठेवून देऊ, एवढं तुमच्या अनुभवावरून सांगा.