कडेची कडी काढली तरी प्रकाश थांबत नाही

धुळ्याच्या दादांनी विचारलंय, की टोपोलॉजिकल लेझर, म्हणजे सूक्ष्म कड्यांच्या (रिंगांच्या) जाळीच्या फक्त कडेनं प्रकाश फिरवणारा लेझर, कडेची एखादी कडी खराब झाली तर बंद पडेल का. नाही पडत, आणि सगळी मजा तिथंच आहे.

इस्रायलचं टेक्निऑन आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ यांचा 2018 चा प्रयोग बघा. अर्धवाहकाच्या चिपवर 10 × 10 सूक्ष्म कड्या, प्रकाश एकीतून शेजारच्या कडीत सरकणारा. त्यांना जोडणाऱ्या मधल्या कड्या मोजून-मापून किंचित बाजूला सरकवल्या, की ठराविक वारंवारितेच्या प्रकाशाला आतल्या भागात पसरताच येत नाही. रावेरकडे केळीच्या बागेत पाणी भरलेलं असलं की माणूस बांधाबांधानं जातो, तसा तो कडेनं फिरतो. बाहेरून ऊर्जाही फक्त कडेच्या कड्यांनाच द्यायची. आता त्यातली एक काढून टाकली, तरी प्रकाश वळसा घालून पुढं जातो. साध्या जाळीत तो दोषापाशी अडकतो आणि जोर वाढवला की अनेक वारंवारिता एकमेकींशी भांडू लागतात. इथं अख्खी कड एकाच वारंवारितेनं चमकते. मला तरी हे फार सुंदर वाटतं.

पण ‘काहीही झालं तरी अभेद्य’ म्हणू नका. जळगावात टीवायच्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो. या रचनेत प्रकाशाला एकाच दिशेत बांधून ठेवणारं चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळे कडीचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर त्याच कडीत प्रकाश उलटा फिरू शकतो. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या संशोधक गटानं 2017 मध्ये अशाच लेझरसाठी चुंबकीय क्षेत्र वापरलं होतं, पण प्रकाशाच्या वारंवारितेला चुंबकीय परिणाम फार क्षीण असतो.